कानात काही सोडण्याआधी

आज पिकाची नाही, वस्तीवरच्या काळ्याची नोंद.

दिवाळीच्या सुमारास बांधावरचं कुसळी गवत वाळलं होतं. काळ्या रात्री डुकरांमागं त्यातूनच पळायचा. एका सकाळी डावा कान सारखा झटकायला लागला, पंजानं खाजवायला लागला. हरभऱ्याच्या पेरणीची घाई होती. शेजारचे अण्णा म्हणाले, "लसूण घालून तेल कोमट कर आन् सोड कानात." सोडलं. दोन दिवस बरा वाटला. मग कानाला वास यायला लागला, पू दिसला. घरात आधीच्या कुत्र्याचे कानाचे थेंब उरले होते, तेही सोडले. दोन दिवसांनी मान डावीकडं वाकडी करून गोल गोल फिरायला लागला. तेव्हा कुठं गाडीत घालून तालुक्याला नेला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कानात काय काय घातलंय?" सांगताना मान खाली गेली. भूल देऊन त्यांनी बॅटरीच्या यंत्रातून आत बघितलं आणि चिमट्यानं एक कुसळ बाहेर काढलं. कानाचा पडदा फाटला होता.

त्यांनी समजावलं ते असं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते, मग आत वळते. त्यामुळं वरून बघून आतलं काही कळत नाही. कुसळाच्या टोकावर उलटी लव असते, ते पुढंच सरकतं. तेलानं निघत नाही. आणि पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आत उतरलं तर ऐकणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतं. माझ्या बाटलीवर तेच नाव होतं.

करपा आहे की तुडतुडे, हे पान उलटून बघितल्याशिवाय आपण पंप उचलत नाही. कानाचंही तसंच. खाज एकच, कारणं वेगळी. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा कोरडा मळ असेल तर बऱ्याचदा कानातले कोळी असतात. तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ बुरशीचा असू शकतो. पू असेल तर जिवाणू. अचानक एकाच कानाचा त्रास सुरू झाला तर कुसळ किंवा गोचीड. हे सगळे अंदाजच. नक्की काय ते डॉक्टर कानात बघून आणि मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच सांगतात.

तोपर्यंत तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसाचे थेंब, फिनेल, गोचिडाचं औषध, काहीही कानात घालू नका. काडीला कापूस लावून आत कोरू नका, मळ आणखी खोल जातो. बाहेर दिसतं तेवढंच कापसानं पुसा. मान वाकडी झाली, तोल जायला लागला किंवा झटकून झटकून कानाची पाळी रक्तानं फुगली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध सांगितलं तितके दिवस पूर्ण द्या आणि कान पुन्हा दाखवून घ्या.

काळ्या वाचला. जखम भरली, पण मान अजून जराशी कलती आहे आणि डावीकडून हाक मारली की तो उजवीकडं बघतो. रात्री डुकरं कुठल्या अंगानं आली ते त्याला पहिल्यासारखं कळत नाही.

आता रोज संध्याकाळी भाकरी घालायच्या आधी त्याचे दोन्ही कान आणि पायाची बोटं बघतो. पुढच्या वर्षी बांधावरचं गवत कुसळं धरायच्या आतच कापायचं, हे वहीत लिहून ठेवलंय.