साच्यातले देव

नक्कल या शब्दाला आपल्याकडे मान नाही. परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच नाही! पण अंतोन राफाएल मेंग्ज या चित्रकाराविषयी वाचल्यापासून मी त्या शब्दाकडे जरा आदराने पाहू लागलो आहे.

मेंग्जचा जन्म १७२८ चा, बोहेमियातला. वडील ड्रेस्डेनच्या दरबारी चित्रकार. त्यांनी मुलाला नावेच दिली ती कोरेज्जो आणि राफाएल या थोर चित्रकारांची; आणि १७४१ मध्ये, कोवळ्या वयात, त्याला रोमला नेऊन प्राचीन पुतळ्यांपुढे रेखाटने करायला बसवले. पुढे मेंग्जने ते पुतळेच घरी आणले, म्हणजे त्यांचे प्लास्टरचे ठसे. एक-दोन नव्हे, ८०० हून अधिक!

ठसा कसा निघतो हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आमचे गाव पेणजवळ. सुट्टीत मी गणपतीच्या कारखान्यात कामाला जातो. साचा तुकड्यांचा असतो आणि तुकडे जुळतात तिथे मूर्तीवर बारीक रेघ उठते. "रेघ राहिली तर गिऱ्हाईक हात लावायचं नाही रे," असे काका बजावतात. रोममध्येही साचे असेच तुकड्यांचे असत.

१७६१ साली मेंग्जने रोमच्या व्हिला अल्बानीत छतावर 'पार्नासस' रंगवले. त्यातला अपोलो थेट व्हॅटिकनच्या बेल्वेडेअर अपोलोच्या वळणाचा. खरे सांगायचे तर छापील चित्रात तो मला थंडच वाटला. अंगात रक्ताऐवजी जणू प्लास्टर! गंमत म्हणजे तो संगमरवरी अपोलोही ग्रीक कांस्यमूर्तीची रोमन प्रत मानला जातो.

मला मोठा वाटतो तो ठसे जमवणारा मेंग्ज. काही ठसे त्याने माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीला दिले. १७७९ मध्ये तो वारला आणि रोममधला संग्रह पुढे ड्रेस्डेनने विकत घेतला. रोमच्या प्रवासाला पैसा नसलेल्या पोरांपुढे अपोलो येऊन उभा राहिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सोफोक्लीस मला भेटला तो मराठी अनुवादात, मेंग्ज ग्रंथालयातल्या करड्या छपाईत. त्या पोरांचा आनंद मला कळतो.

आणि मूळ तरी कुठे जसेच्या तसे राहते? सर्पांच्या विळख्यातल्या लाओकूनला मेंग्जच्या काळी उंच ताणलेला उजवा हात होता, नंतरच्या शिल्पकारांनी जोडलेला. १९०६ मध्ये खरा हात सापडला, तो दुमडलेला. विसाव्या शतकाच्या मध्यास तो मूर्तीला बसवला गेला. व्हॅटिकनमधल्या मूर्तीवरून तो ताणलेला हात गेला. जुन्या ठशांत मात्र तो अजून वरच आहे.