पालथा पडणारा पैलवान

नवी मुंबईत माझ्याकडे एमएमए शिकायला येणाऱ्या पोरांमध्ये तालमीतली पोरं लगेच ओळखू येतात. आजोबा किंवा वडील सातारा-सांगलीकडून वाशीच्या मार्केटात माथाडीकामाला आलेले, आणि गावाकडची कुस्ती त्यांच्याबरोबर घरात आलेली. ही पोरं माझी जरा जास्त लाडकी आहेत, लपवत नाही. दुहेरी पट असा काढतात की समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही. पण मी प्रतिस्पर्ध्याचा कोच असतो, तर त्यांना पाडायचा बेत एका चहात आखला असता.

मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की खेळ खलास. म्हणून खाली गेलेला पैलवान चटकन पालथा होतो, छाती मातीला चिकटवतो आणि वरच्याचा दम जिरवतो. त्याबद्दल वस्तादांची शाबासकी मिळते. केजमध्ये मात्र पालथं पडण्याइतकी वाईट जागा नाही. वरचा पाठीवर चढतो, मांड्यांत पाय अडकवतो, हात हनुवटीखाली सरकवतो. याच पकडीला रिअर नेकेड चोक म्हणतात, आणि यूएफसी या एमएमएच्या स्पर्धेत सर्वाधिक खेळाडू हिच्यातच टॅप करतात, म्हणजे हार मानतात. त्यापेक्षा पाठीवर राहून पायांनी गार्ड घेतलेला बरा. पण हे पैलवानाच्या डोक्याला पटलं तरी अंगाला पटत नाही.

म्हणून लढतीचे व्हिडिओ बघताना, या खेळाडूला काय येत नाही, हा प्रश्न मी आधी विचारत नाही. आधी विचारतो, याला आजवर शाबासकी कशाबद्दल मिळाली? त्याचा कच्चा दुवा बहुतेक तिथेच असतो. आवाज बंद करतो, कारण समालोचक ठोसे मोजतात आणि मला पाय बघायचे असतात. मार खाल्ल्यावर तो कुठल्या बाजूला सरकतो? पट फसला की मान कुठे राहते? तिसऱ्या राउंडमध्ये, दम संपल्यावर, काय करतो? शिकवलेलं सगळं गळून पडतं तेव्हा लहानपणीचा खेळ वर येतो. माझं खरं टिपण त्या शेवटच्या पाच मिनिटांचं असतं.

भरत खंडारे आपल्या महाराष्ट्राचा, कुस्तीतून आलेला, भारतातून यूएफसीत पोहोचलेला पहिला. 25 नोव्हेंबर 2017 ला शांघायमध्ये त्याच्यासमोर चीनचा 19 वर्षांचा साँग यादोंग होता. पहिल्याच राउंडमध्ये साँगने गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळणारी पकड, लावून लढत संपवली. एका लढतीवरून कुणाला मोजू नये, पण गिलोटिन पट काढणाऱ्याच्या नशिबालाच बांधलेली असते. पायांकडे झेपावताना डोकं खाली आणि बाहेरच्या बाजूला राहिलं, की मान आयती समोरच्याच्या काखेत जाते. मातीत गळा आवळायला मनाई, त्यामुळे मान सांभाळायची भीतीच तिथे अंगात मुरत नाही. आता हीच चूक गिलोटिन न येणाऱ्यासमोर केली, तर काही बिघडत नाही. कच्चेपणा एकट्याचा नसतो, त्याला समोर जोडीदार लागतो. नुसत्या उणिवांच्या याद्या करणारे विश्लेषक हे विसरतात.

हेच पूजा तोमरचं. ती वुशू या चिनी युद्धकलेतून आली. तिथे खाली पाडल्याचे गुण मिळतात आणि पंच दोघांना पुन्हा उभं करतात. जून 2024 मध्ये तिने यूएफसीतली पहिली लढत जिंकली. मार्च 2025 मध्ये लंडनला शॉना बॅननने दुसऱ्या राउंडमध्ये तिला जमिनीवर आर्मबारमध्ये, म्हणजे हात कोपरातून ताणणाऱ्या पकडीत, धरून हरवलं. खालच्या खेळात उठवायला पंच येणार नव्हते.

मग आमच्या पोरांची कुस्ती काढून टाकायची का? मुळीच नाही. ती काढली तर उरतं काय? पट तोच ठेवतो. फक्त डोकं बरगड्यांना चिकटवून आत ठेवायला लावतो आणि पट लागताच सरळ न रेटता बाजूला वळायला सांगतो. पालथं पडायची खोड मोडणं मात्र अवघड. त्याचा सराव मुद्दाम शेवटी घेतो, पोरं धापा टाकत असताना.

परवा अशाच एका सरावाला एका पोराचे आजोबा येऊन बसले होते. नातू पाठीवर, गार्ड घेऊन, अगदी मी सांगितलं तसा. आजोबांना राहवेना. "आरं, पाठ टेकवून पडलायस आन् हसतोस काय? पालथा हो की!" पोरगं झालं पालथं. तीन सेकंदांत जोडीदाराचा हात त्याच्या गळ्याखाली होता. नातवाने टॅप केल्यावर आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो गळा धरतोय, त्याला फाऊल नाय का?"