नाही म्हणायची तालीम

तंबाखूइतकं मायाळू व्यसन दुसरं नसेल! दारू पिणारा कोपरा शोधतो. तंबाखू मळणारा मात्र आधी शेजाऱ्यापुढं तळहात करतो. एस. टी.च्या बाकावर अनोळखी माणसं एका चिमटीवर सोयरी होतात. आमच्या कोल्हापुरात तर प्रेमानं पुढं केलेलं नाकारणं म्हणजे अपमानच. आणि पोरं सापडतात ती नेमकी इथंच.

माझं माहेर निपाणीचं. वखारीतला नाकाला झोंबणारा वास हाच माझ्या बालपणाचा वास. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी विड्या वळून मुलं शिकवली. १९८१ साली रास्त भावासाठी शेतकरी निपाणीच्या रस्त्यावर बसले, ते याच पानासाठी. त्यामुळं तंबाखूला नुसत्या शिव्या देणं मला जमत नाही. पण ज्या पानानं चुली पेटवल्या, त्यानंच माणसंही नेली. माझे वडील तोंडाच्या कर्करोगानं गेले.

माझी धाकटी जाऊ इथल्याच एका शाळेत सातवीला शिकवते. तिनं आणि संगणकाच्या मास्तरांनी मिळून तंबाखूचा एक धडा तयार केला आहे. तो पाहायला परवा मी गेले होते. आमचा नातूही त्याच वर्गात. काळ्या फुप्फुसाचं चित्र आणि प्रतिज्ञा असलं काही नव्हतं. मुलं दोघं-दोघं संगणकापुढं बसली होती. पडद्यावर क्रिकेटचा सामना संपतो, वरच्या वर्गातला दोस्त माव्याची पुडी पुढं करतो. "घे की भावा, एवढ्यानं काय होतंय?" पुढचं मुलानं ठरवायचं. घ्यावी, निमित्त सांगावं, की सरळ नाही म्हणावं? उत्तराप्रमाणं गोष्ट वळण घेते. घेतली, तर रोजच्या १० रुपयांचे वर्षाला ३,६५० कसे होतात ते दिसतं. तोंड आखडत जाऊन तीन बोटंही कशी मावेनाशी होतात, तेही दिसतं. नाकारली, तर दोस्त चिडवतो. मग दुसरं उत्तर शोधायचं.

"खेळानं कुठं व्यसनं टळतात का गं?" मी विचारलं.

"ताई, अमेरिकेत ह्यूस्टनच्या शाळांत 'अ‍ॅस्पायर' नावाचा असाच संगणकाचा धडा देऊन पाहिला. २००८ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. दीड वर्षानं त्या मुलांतली शेकडा १.९ सिगारेटकडं वळली होती, इतरांतली ५.८." मग हळू आवाजात म्हणाली, "२०१९च्या पाहणीत आपल्या देशातली १३ ते १५ वर्षांची शेकडा ८.५ शाळकरी मुलं तंबाखू वापरताना आढळली. खायच्या तंबाखूची चव घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच ती घेतली होती."

दहाव्या वर्षाआधी! त्या वयात पोर पानपट्टीवर स्वतःहून जातं थोडंच? त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं.

एवढ्यात आमचे चिरंजीव नातू उभे राहिले. "बाई, दोस्ताला नाही म्हणता येतं. पण आजोबा पुडी आणायला पाठवतात, त्यांना काय म्हणायचं? ते यात नाहीतच!"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. कारण ते आजोबा म्हणजे आमच्याच घरातले!

जाऊ शांतपणे म्हणाली, "अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३च्या कायद्यानं गुन्हा आहे. तेवढंच सांग. आणि आजोबांनाही आपण गोष्टीत घेऊ."

त्याच संध्याकाळी ह्यांनी नेहमीप्रमाणं हाक मारली. नातू समोर जाऊन उभा राहिला. आवाज जरा कापत होता. "आजोबा, मी नाही आणणार. मला दिली तर दुकानदार कायद्यात सापडेल. आणि मला तुम्ही हवे आहात."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांदूळ निवडत राहिले. थोड्या वेळानं ते चपला घालून स्वतःच गेले. तंबाखू सुटली म्हणाल, तर नाही. पण त्या दिवसापासून नातवाची खेप मात्र बंद झाली.

तंबाखू वाईट, हे पोरांना ठाऊक असतंच. त्यांच्याजवळ नसतं ते ऐन वेळी तोंडातून निघणारं वाक्य. ते घोटून घ्यायला संगणक ही चांगली तालीम आहे. तिथं चुकलं तरी कुणी हसत नाही. पण खरी कुस्ती घरच्याच माणसांशी असते. ती पोरानं मारावी म्हणून आपण वडीलधाऱ्यांनी एकदा आनंदानं पाठ टेकायला काय हरकत आहे?