तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा

कलकत्त्याचा फोर्ट विल्यम लांबून दिसतच नाही. आपले किल्ले डोंगरावरून दरडावतात. हा हुगळीच्या काठी जमिनीत अंग चोरून बसलाय. अलीकडे लष्कराने त्याचं नाव ‘विजय दुर्ग’ केलं, सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी महाराजांचं नाव दिलं. मला याचं हसू येतं आणि थोडं अवघडायलाही होतं. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घोडेस्वारांच्या धास्तीने याच शहराने स्वतःभोवती ‘मराठा डिच’ खणायला घेतला होता. खंदक अर्धवट राहिला, मराठेही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत. बंगालच्या खेड्यांत मात्र ते पोचले होते, आणि तिथल्या अंगाईत हे स्वार ‘बर्गी’ म्हणून अजून येतात.

१७५६ मध्ये सिराजुद्दौलाने इंग्रजांचा जुना किल्ला घेतला. प्लासीनंतर क्लाइव्हने हा नवा बांधायला काढला. त्यासाठी गोविंदपूर गाव उठवलं, झाडी तोडली; तोफांच्या माऱ्यात काही आडवं यायला नको. मैदान जन्मलं ते असं. तोफा शत्रूवर डागायची वेळ कधी आलीच नाही, पण जागा मोकळी राहिली, आणि तिच्या उत्तर टोकाला १८६४ पासून ईडन गार्डन्स उभं आहे. जमीन आजही लष्कराची.

ईडनचं क्रिकेट या मोकळीकीतून येतं, असं मला वाटतं. पश्चिमेला नदी जवळ आणि मध्ये अडवायला फारसं काही नाही. हवा दमट असली की चेंडू बोलू लागतो. २०१७ च्या नोव्हेंबरात ढगाळ उजेडात श्रीलंकेच्या सुरंगा लकमलने कसोटीच्या पहिल्या दिवशी सहा षटकं टाकली. एकही धाव नाही, तीन बळी. थंडीत सूर्य पाचच्या सुमारास बुडतो आणि दव पडतं. म्हणूनच २०१९ ची गुलाबी चेंडूची कसोटी दुपारी एकलाच सुरू करावी लागली.

आणि गर्दी. १९३४ च्या जानेवारीत सी. के. नायडू इथे जार्डिनच्या इंग्लंड संघापुढे उतरले, तेव्हापासून ती या मैदानाची सावली आहे. २००१ चे लक्ष्मणचे २८१ सगळ्यांना पाठ आहेत, त्यांचं पुन्हा काय सांगायचं! मला जास्त आठवतो १३ मार्च १९९६, विश्वचषकाचा उपांत्य सामना. पाठलाग करण्यात श्रीलंका वाकबगार, म्हणून अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. दुसऱ्या डावात खेळपट्टी फुटली. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि १ बाद ९८ चे ८ बाद १२० झाले. स्टँडमध्ये जाळपोळ, मैदानात बाटल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला दिला आणि विनोद कांबळी रडत बाहेर पडला. त्या दिवशी वेढा घालणारे आपलेच होते. कांबळीच्या अश्रूंची आपल्याकडे पुढे थट्टाही झाली; मला ती कधी रुचली नाही. त्या संध्याकाळी साजेसं वागलेला तो एकटाच होता.

२०२५ च्या नोव्हेंबरात याच ईडनवर फिरकीला साथ देणारी खेळपट्टी भारतालाच हवी होती, आणि ती मिळालीही. दक्षिण आफ्रिकेने १२४ धावांचं लक्ष्य ठेवलं. तिसऱ्याच दिवशी आपण ९३ वर आटोपलो. बळी घेण्यात पुढे होता त्यांचा ऑफस्पिनर सायमन हार्मर.