मण्यांमधला दोरा

मी मालवणची. जंगल म्हणजे माझ्यासाठी घाट चढताना एसटीच्या खिडकीतून दिसणारी हिरवी भिंत. दोडामार्गात आत्याकडे गेलं की कळतं, भिंत नाही, तुकडे आहेत. रान, मग काजू, मग रबर, पुन्हा थोडं रान.

२०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, २९.५३ चौरस किलोमीटरचं. पाठोपाठ आंबोली-दोडामार्गही. वर राधानगरी, खाली गोव्यातली म्हादई, कर्नाटकातलं भीमगड. नकाशावर मणी ओवल्यासारखे दिसतात. पण मण्यांमधला दोरा बऱ्याच ठिकाणी लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. वाघ तिथूनच जातो. धनेश या तुकड्यात फळ खातो आणि बी पुढच्या तुकड्यात टाकतो. बांबर्डेतली रानजायफळाची झाडं श्वासासाठी चिखलातून मुळांचे गुडघे वर काढतात. ती टिकली, कारण गावानं देवराई राखली.

आत्याच्या दोन एकर रानालाही रबरासाठी गिऱ्हाईक आलंय. मी धनेशाचं सांगितलं, तर म्हणाली, "रान काय जेवक घालता?"

प्रश्न रास्त आहे. दोरा राखणाऱ्याला त्याचा मोबदला कोण देणार, हे माझ्याकडे नव्हतं. तिनं अजून होकार दिलेला नाही. भावाची कॉलेजची फी मात्र जुलैत भरायची आहे.