खेळातून उठता आले पाहिजे

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी मोबाइलवर खेळ खेळतो, असे सांगितले की कोणी कौतुकाने हसतो, तर कोणी काळजीने पाहतो. या दोहोंपैकी कोणालाही मी दोष देत नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालो त्याच्या आधीपासून मी निरनिराळे व्हिडिओ गेम खेळत आलो आहे. त्यांनी मला विसावा दिला, आणि एकदा माझ्याच चुकीने मोठा घोरही लावला. आमच्या घरी पत्नीला स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. तिची देखभाल करता करता हे खेळ मी नव्याने पारखले. ज्यांच्या घरी असेच आजारपण आहे, त्यांना या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पहिला खेळ सापाचा. नोकियाच्या फोनवर तो १९९७ मध्ये आला आणि आमच्याकडे दोन हजार सालानंतर पोहोचला. रेषेसारखा साप ठिपके खात वाढत जाई आणि स्वतःच्याच शेपटीला धडकला की डाव संपे. रंग नाही, संगीत नाही, जाहिरात तर नाहीच. पाच मिनिटांत आपण हरलेले असू आणि फोन खिशात गेलेला असे. तेव्हा तो खेळ मला अगदी क्षुल्लक वाटला होता. आज मात्र त्याचा मोठा गुण ध्यानात येतो : तो आपल्याला लवकर मोकळे करीत असे.

दुसरा खेळ टेट्रिस. मॉस्कोतील संगणकतज्ज्ञ अलेक्सी पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये रचला. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून एकेक करून उतरतात. त्या फिरवून अशा बसवायच्या की आडवी ओळ भरावी. ओळ भरली की ती नाहीशी होते. ज्याने आयुष्यभर पत्रे गावोगावच्या खणांत लावली, त्याला हा खेळ आवडणे स्वाभाविकच होते. त्यात एक प्रकारची स्वच्छता आहे आणि मनातील गुंता काही काळ बाजूला राहतो. मात्र त्याचा वेग वाढत जातो, आणि वृद्ध बोटांना तो एका मर्यादेपलीकडे झेपत नाही. ते मी मान्य करून टाकले आहे. दवाखान्यात आपला क्रमांक येईपर्यंत खेळण्यास याहून चांगला खेळ मला ठाऊक नाही.

तिसरा खेळ अमेरिकेत भेटला. २०१० मध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. निन्टेंडो या जपानी कंपनीचे वी नावाचे यंत्र त्याच्याकडे होते. हातात छोटा रिमोट धरून चेंडू घरंगळत सोडल्यासारखा हात हलवायचा की दूरदर्शनच्या पडद्यावर चेंडू धावतो आणि समोरच्या बाहुल्या पाडतो. तिकडच्या अनेक वृद्धनिवासांत हा खेळ त्या काळी आवडीने खेळला जात असे. आमच्या घरी पदर खोचून हिने मला सलग तीन डाव हरविले. ज्यात शरीर हलते, असा मी खेळलेला हा एकच व्हिडिओ गेम. तथापि ज्यांचा तोल जातो त्यांनी तो खुर्चीत बसूनच खेळावा, आणि रिमोटची दोरी मनगटात अडकवावी. त्या वेळचे तिचे हसणे अजून माझ्या कानात आहे.

परत आल्यावर काही वर्षांनी तिचे विसरणे सुरू झाले. आधी गॅस, मग नावे, मग दिवस. निदान झाल्यावर धीर सुटलेला माणूस जे करतो तेच मी केले. मेंदूला व्यायाम देणारे म्हणून जे जे खेळ मिळाले, ते फोनवर घेतले आणि तिला रोज अर्धा तास त्यांपुढे बसवू लागलो. आकडे लक्षात ठेवा, जोड्या लावा, चटकन उत्तर द्या. तिला उत्तर आले नाही की पडद्यावर लाल फुली उमटे. आठव्या दिवशी ती मला म्हणाली, “अहो, मला पुन्हा शाळेत का घातलं तुम्ही?” त्या दिवशी मी ते सर्व खेळ काढून टाकले. पुढे वाचनात आले की ल्युमॉसिटी या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या कंपनीने आपल्या जाहिरातींतील दाव्यांच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला वीस लाख डॉलर भरण्याचे मान्य केले होते. वयोमानाने होणारी स्मरणाची घट या खेळांनी रोखता येते, असे सांगण्याजोगा आधार कंपनीकडे नव्हता, हा आयोगाचा आक्षेप. माझे मत एवढेच आहे की अशा खेळाचा सराव केल्याने माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो. निरोगी माणसाने आवडीने खेळावा. आजारी माणसाची रोज परीक्षा घेऊ नये.

आता ज्या खेळाविषयी लिहिताना संकोच वाटतो, त्याकडे येतो. रंगीत तुकडे तीन-तीन जुळवायचे, असा तो खेळ होता. त्याचे नाव महत्त्वाचे नाही, कारण त्या जातीचे शेकडो खेळ आहेत आणि त्यांची घडण साधारण सारखीच असते. मोजके जीव मिळतात; ते संपले की थांबावे लागते किंवा पैसे भरावे लागतात. रोज हजेरी लावली तर बक्षीस असते. हरलो तरी अगदी थोडक्यात हुकले, असे वाटत राहते. आणि एक टप्पा संपला की पुढचा तयारच असतो. हा खेळ कधी संपत नाही.

त्र्यंबकेश्वरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना चार महिने घरात कोंडले जाणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. ब्रह्मगिरी दिवसचे दिवस ढगाआड असतो, अंगणात शेवाळ धरते, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. संध्याकाळ झाली की हिची अस्वस्थता वाढे. “घरी जायचंय,” हे एकच वाक्य ती पुनःपुन्हा म्हणे, आणि हेच आपले घर आहे असे सांगून मी थकून जाई. त्या वेळी फोनमधील रंगीत तुकडे माझी सुटका करीत. मी विरंगुळा शोधत होतो, यात गैर काहीच नव्हते. परंतु हळूहळू मी तिच्यापासूनच लपू लागलो होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी आलेल्या लोकांनी आदल्या दिवशीच गाव भरून गेले होते. तिने आतून हाक मारली, “अहो.” मी म्हणालो, “आलोच.” दुसरी हाक आली, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसरी हाक आली नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही. टप्पा पार करून मान वर केली तेव्हा मागचे दार उघडे होते. पाऊण तास मी त्या गर्दीत चिखलातून तिला शोधत फिरलो. ती कुशावर्ताजवळ एका पायरीवर ओलीचिंब बसलेली सापडली. शेजारी एक फूल विकणारी बाई स्वतःची छत्री तिच्यावर धरून उभी होती. “आजींना घर सांगता येईना, म्हणून मी थांबले,” ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. हिला काही इजा झाली नव्हती. पण कुंडाच्या पाण्याकडे पाहून माझे पाय लटपटू लागले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या आहारी जाणे हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात समाविष्ट केला असून ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : खेळाला आवर घालता न येणे, इतर कामे व आवडी मागे पडून खेळच पुढे येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे वर्तन साधारण बारा महिने टिकले आणि जगण्यात मोठा अडथळा आला, तर निदान केले जाते. म्हणजे प्रत्येक खेळणारा आजारी नव्हे, आणि मीही नव्हतो. परंतु दुसरी खूण माझ्यात दिसू लागली होती. तेव्हा मी तो खेळ काढून टाकला आणि दाराला घुंगरांची माळ बांधली. तिच्या पिशवीत घरचा पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाजवळ आणि शेजाऱ्यांजवळ कबूल केले की मी थकलो आहे. शेजारच्या वहिनी आता आठवड्यातून तीन दिवस तासभर हिच्याजवळ बसतात. काळजीवाहकाला विश्रांती लागतेच. ती चोरून घेतली की धोक्याची होते, असे मला वाटते.

यानंतर मी खेळ सोडले असतील, असा वाचकांचा समज होईल. तसे झाले नाही. पुण्याच्या नातवाने आम्हाला लुडो किंग शिकवला. नवी मुंबईत तयार झालेला हा खेळ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. दूर बसलेल्या माणसाबरोबर एकाच पटावर खेळता येते, हे त्याचे मोठे सुख. रविवारी नातू फोन करतो, सांकेतिक क्रमांक सांगतो, आणि आम्ही खेळतो. पण हिच्या बाबतीत एक अडचण आली. काचेवर बोट टेकविले की फासा आपोआप पडतो, सोंगटी आपोआप चालते. ती गोंधळून जाई. “माझी सोंगटी कोणी नेली?” असे विचारी.

लुडोचे मूळ आपल्या पच्चीसीत आहे. इंग्लंडमध्ये त्याला १८९६ मध्ये नवे रूप मिळाले. तेव्हा मूळ रूपाकडेच का जाऊ नये, असे मनात आले. आमच्या गावात संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांचे धाकटे बंधू ज्ञानेश्वर यांनी मोक्षपट रचला, असे परंपरा मानते. सापशिडीचाच तो पूर्वज. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि दान कवड्यांचे. मी पुठ्ठ्यावर मोठ्या घरांचा एक पट आखला आणि कपाटातील जुन्या कवड्या काढल्या. तिने त्या मुठीत खुळखुळविल्या, जमिनीवर टाकल्या आणि पाहताक्षणी म्हणाली, “चार.” आज वार कोणता हे तिला सांगता येत नाही, कवड्यांचे दान मात्र एका दृष्टिक्षेपात मोजता येते. हातांना जडलेली सवय स्मरणाहून उशिरा मावळते, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. त्या दिवशी ते प्रत्यक्ष पाहिले. आम्ही नियम पाळत नाही आणि कोण जिंकले ते मोजत नाही. साप गिळतो तेव्हा ती हसते.

शेवटचा खेळ गेल्या दिवाळीतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. सुटीत आलेल्या नातवाने तो दूरदर्शनला जोडला. माझे प्रांजळ मत विचाराल, तर लढाया मला अति वाटल्या आणि उड्या माझ्या बोटांना जमल्या नाहीत. मी पुनःपुन्हा कड्यावरून खाली पडलो. पण राजवाडे, भिंतींवरची चित्रे आणि रंग पाहत राहावेत असे आहेत. मी नियंत्रक नातवाकडे दिला आणि पाहत बसलो.

हीसुद्धा पाहत होती. तिने विचारले, “सापडला का रे तिचा भाऊ?”

“शोधतेय, आजी,” नातू म्हणाला.

दोन मिनिटांनी तिने तेच विचारले, आणि त्यानेही तितक्याच सहजपणे तेच उत्तर दिले. तासाभरात असे दहा-बारा वेळा झाले असेल. एकदाही त्याच्या आवाजात कंटाळा आला नाही. ‘घरी जायचंय’ या वाक्यापुढे मी किती वेळा चिडलो होतो, ते मला आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इगतपुरीला तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. ती त्याच्याशी काय बोलली ते सांगण्यासारखे विशेष नाही. जेवलास का, एवढेच तिने तीनदा विचारले. पण फोन ठेवल्यावर दुपारभर ती शांत होती.

हे सर्व खेळून झाल्यावर आता कोणताही खेळ हाती घेताना मी तीन गोष्टी पाहतो. हाक आली तर त्यातून तत्काळ उठता येते का? तो पैसे मागतो का? आणि तो आपल्याला कोणाजवळ नेतो, की कोणापासून दूर नेतो? कोणत्याही खेळाने हिचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. तरीही पूर्वी सर्वांत अवघड जाणारी दिवेलागणीची वेळ आता बऱ्याचदा पटावर निघून जाते.

रात्री ती झोपली की मी पंधरा मिनिटांचा गजर लावून टेट्रिस खेळतो, तिच्या खोलीचे दार उघडे ठेवून. गजर झाला की फोन खाली ठेवतो. डाव अर्धा राहिला तरी चालते. तो डाव तसाही कधी पुरा होत नाही.