कुठल्या पाण्यावर?

दिवाळी भाऊबीजेला संपते असे पंचांग म्हणते. आमच्या घरी ती आणखी एक दिवस पुढे चालते, आणि तो दिवस गळाचा असतो. भाऊबीजेला माझी बहीण येते, तिच्याबरोबर दाजी येतात, आणि दाजींच्या पिशवीत पोरांच्या फटाक्यांखाली तंगुसाची नवी रिळे दडवलेली असतात. ओवाळणी उरकते, जेवणे होतात, पडवीत चटई पडते, मधे चिवड्याचे ताट येते, आणि मग दाजी घसा खाकरून तो प्रश्न काढतात, "मग, उद्या कुठल्या पाण्यावर?"

प्रश्न एवढाच, पण रात्रीचे अकरा वाजले तरी तो सुटत नाही. खुद्द दाजींचे स्थळ ठरवायला आम्हाला याहून कमी वेळ लागला होता. माझी बायको आतून एकदा तरी म्हणतेच, "निजा आता. मासे काही जागे राहिले नाहीत तुमचा निकाल ऐकायला."

मासे धरायला हाच काळ का, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवे. पहिल्या पुराला मासा अंडी घालायला वरच्या अंगाला चढतो. पाणी तांबडे, गढूळ असते. त्या दिवसांत गळ टाकणे हा मूर्खपणा, आणि अंड्यांनी भरलेली मासोळी धरणे हे पाप, असे आमचे आबा मानतात. पुढे श्रावण, गणपती, नवरात्र यांत आमच्या चुलीवर मासा चढत नाही. आश्विन सरता सरता पाणी निवळते. रात्री गार होतात, दुपारचे ऊन मात्र अजून उबदार असते, आणि पावसाळाभर वाहून आलेल्या खाण्यावर मासा चांगला पोसलेला असतो. थंडी वाढली की तो सुस्तावून खोल जाईल. मधे हे थोडे दिवस सापडतात, आणि त्यातही आईची अट असते, की काय तो धिंगाणा कार्तिकी एकादशीच्या आत उरका.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. ते राज्य स्वतःला दहा हजार तळ्यांचा मुलूख म्हणवते. दिवाळीला त्याचा फोन येतो. त्याने एकदा सांगितले, की तिथेही शरद ऋतूत लोक असेच तळे निवडायच्या घोरात असतात. वॉलआय नावाचा एक मासा आहे, त्याचे डोळे काचेसारखे चमकतात आणि अंधुक उजेडात त्याला उत्तम दिसते. म्हणून त्याला धरायला दिवस कलल्यावर जायचे. पर्च नावाचा पिवळा मासा त्याचे आवडते खाणे, आणि माणसांचेही. शरदात तिथल्या तळ्याचे वरचे पाणी गारठून जड होते आणि खाली बसते, तळाचे वर येते, सगळे तळे जणू कोणी रवीने घुसळते. मग मासा जागा बदलतो. तिथले सरकारी खाते तळ्यांत जाळी टाकून माशांची मोजदाद करते आणि ती सर्वांना वाचायला खुली ठेवते. लोक ती वाचून तळे ठरवतात. मी हे मोठ्या कौतुकाने आबांना सांगितले. आबा म्हणाले, "मोजल्याला मासा धरण्यात काय मौज? ते कणगीतलं जोंधळं मापून काढल्यागत झालं."

आमच्याकडे मोजदाद नाही. आमच्याकडे आबा आहेत.

चर्चेत पहिले नाव निघते ते कालव्याचे, आणि तेच पहिले बाद होते. नीरा डावा कालवा १८८५ सालचा. त्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूरचा ऊस उभा राहिला, आणि माझे बालपणही. आवर्तन बंद झाले की मोऱ्यांखालच्या खड्ड्यांत पाणी साचून राही, आणि आम्ही पोरे टॉवेल पसरून चिंगळ्या गोळा करीत असू. मला अजून कालवा आवडतो. पण "कालवा पोरांचा" एवढे बोलून दाजी त्याला निकालात काढतात. भादलवाडीच्या तळ्याचे नाव माझी बहीण काढते, कारण तिथल्या झाडांवर चित्रबलाकांची वसाहत असते आणि तिला ते पक्षी आवडतात. त्यावर आबांचे उत्तर ठरलेले: "तिथं आपल्यापरीस हुशार कोळी उन्हाळाभर बसून गेल्यात. त्यांनी तुझ्यासाठी काय ठिवलं असंल?"

मग शिर्सुफळ. बारामती तालुक्यातला हा इंग्रजी अमदानीतला तलाव आबांचा लाडका. तिथे जायची त्यांची रीत ठरलेली आहे. आधी शिरसाईचे दर्शन. देवळाभोवती वानरांचे राज्य आहे. एका वर्षी त्यांनी आमची भाकरीची दुरडी पळवली आणि दाजींनी दिवसभर ओल्या कणकेकडे, म्हणजे माशांच्या आमिषाकडे, आशेने पाहिले. दर्शनानंतर ठेकेदाराच्या माणसाला गाठून विचारायचे. न विचारता आबा गळ ओला करीत नाहीत. मग ते काठावर नुसते बसतात. बगळे कुठे गुडघाभर पाण्यात उभे आहेत ते पाहतात, वारा कुठल्या काठाला लाटा लोटतो ते पाहतात, कारण लाटांबरोबर खाणेही त्याच काठाला लागते. तळाशी बुडबुड्यांची माळ उठली तर मृगळ चिखल उकरतो आहे. लव्हाळ्यात पाणी फुटल्यासारखे वाजले तर मरळ श्वास घ्यायला वर आली आहे. मरळीचे जोडपे पावसाळ्यात पिलांची राखण करते. लाल पिलांचा घोळका पाण्यावर दिसला की आबा काठी गुंडाळून तिथून उठतात. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरतेच, पुढे एक पदविका. पण पाहावे कसे, हे मला त्या पदविकेने शिकवले की शिर्सुफळच्या काठाने, हे मला नक्की सांगता येणार नाही.

शिर्सुफळात एकच खोट. ज्या वर्षी पाऊस हुकतो, त्या वर्षी तलावाची परात होते. अशा वर्षी दाजी मांडी बदलून बसतात आणि म्हणतात, "राहिली उजनी."

दाजींचे म्हणणे खोटे नव्हते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. (माझा जन्मही त्याच सालचा, आमच्या घरी दोघांचे वय एकत्रच मोजतात.) त्यात सारे मिळून ११७ टीएमसी पाणी मावते. भिगवणचा मासळीबाजार त्यावर चालतो, आणि सोलापूरच्या हमरस्त्यावरची हॉटेलेही. असले पाणी उशाला असताना परातीत गळ टाकायला जाणारे आम्हीच. पण उजनीचे नाव निघाले की आबा चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागत, आणि सगळ्यांना कळे की विषय संपला.

आमचे मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. पळसदेवच्या अंगालाच भीमेकाठी ते होते. आबांनी घराची लाकडे उतरवली, बैलगाडीत घातली आणि वरच्या माळावर आणली, तेव्हा ते तिशीच्या आतले होते. नदीतले डोह त्यांना नावाने ठाऊक होते. कुठल्या डोहात वाम, कुठल्यात पडीन, हे ते अजून सांगतात. त्या काळी आबांच्या आईपुढे मासा आणायची सोय नव्हती. ती माळकरी. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत पुढे जाई, तीत ती चालत असे. पोराने धरलेला मासा गोठ्यात शिजायचा, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचा वासही येता कामा नये. मी लहानपणी एकदाच आबांना विचारले होते, की आपण उजनीवर का जात नाही? ते म्हणाले, "त्या पाण्यातला मासा आपल्या घरात हिंडतो. घरातल्याला कुणी मारून खातं व्हय?"

यापुढे मी कधी विचारले नाही. मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या दोहोंतही हे वाक्य घालायचा मोह झाला. घातले नाही.

२०२३ चा पावसाळा उजनीला अपुरा पडला. उजनीतले निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीहून थोडे वरच, पाणी मृतसाठ्यात धरतात. वरचे संपले की वर्तमानपत्रे साठा 'वजा' टक्क्यांत छापू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा पन्नासच्याही खाली गेला. पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले आणि माणसे जत्रेसारखी पाहायला लोटली. एका सकाळी आबा म्हणाले, "मास्तर, गाडी काढ." त्यांना नुकताच काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चाललो. मी त्यांचा हात धरला होता, पण वाट तेच दाखवीत होते. घराच्या जागी मातीचा उंचवटा होता. उंबऱ्याचा दगड कुणी तरी नेला होता. गोठ्याची दगडी गव्हाण मात्र शाबूत होती. तीत गाळ आणि शिंपले भरले होते. आबांनी तीवरून हात फिरवला आणि पलीकडे जाळे सुकवणाऱ्या कोळ्याशी बोलत बसले. कोळ्याने सांगितले, जुना मासा फारसा उरला नाही. जाळ्यात येते ती चिलापी. आणि अलीकडे सकर, अंगावर चिलखत असलेला, शोभेच्या काचपेटीतून कुठून तरी नदीत उतरलेला. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आबांनी सगळे ऐकून घेतले. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत.

पुढे पावसाने कृपा केली, उजनी काठोकाठ भरली. भाऊबीजेच्या रात्री दाजींनी प्रश्न काढला. मी सवयीने शिर्सुफळ म्हणालो. आबा म्हणाले, "उजनीवर जाऊ."

चिवडा खाणारे हात थांबले. दाजींना वर्षानुवर्षे हवे होते ते मिळाले, पण त्यांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. अखेर तेच म्हणाले, "आबा, आमच्यासाठी नको." आबा म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई, पाव्हणं. घरातलं कुणी उरलं न्हाई तिथं. आता समदं भाडेकरू. भाडेकरूकडनं भाडं घ्यायला काय हरकत?"

आईने तेवढ्यात बजावले, की होडीत बसायचे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जीव गेले होते. काठावरून काय ते करा, ती म्हणाली.

पहाटे निघालो. आबांनी काठ निवडला तो बगळे पाहून नाही, वारा पाहूनही नाही. नव्या देवळाचा कळस आणि समोरच्या तीरावरची एक टेकडी यांचा मेळ घालीत ते मागेपुढे सरकत राहिले. मग एका दगडी बांधावर बसले. "हितनं सरळ आत," एवढेच म्हणाले. समोर नुसते पाणी होते, दूरवर.

चिलापी उतावळी असते. दानव्याचा तुकडा पाण्यात पडायचा अवकाश, मोरपिसाचा तरंगा बुडे. दाजी आणि माझा बारा वर्षांचा भाचा यांची बादली दहा वाजेतो अर्धी भरली. आबांना तरंगा नीट दिसत नव्हता. ते तंगूस बोटावर घेऊन बसले होते, बोटानेच ओळखत होते. भाच्याने शाळेतले ज्ञान पाजळले, की चिलापी मूळची आफ्रिकेतली आणि ती १९५२ साली आपल्या देशात आणली. मी जोड दिली, की हिची काही जातकुळी अंडी आणि पिले तोंडात धरून सांभाळते. आबांनी हातातली चिलापी जरा निरखली. "म्हंजी पोरं तोंडात धरून परमुलखात आली," ते म्हणाले. "आपण गाडीत घालून आणली." त्यांनी तीही बादलीत टाकली.

ऊन कलल्यावर त्यांच्या तंगुसाला ओढ लागली. चिलापीचा हिसका तुटक असतो. ही ओढ लांब, सावकाश, खाली जाणारी होती. आबा ताठ बसले. "वाम हाय," ते हलकेच म्हणाले. "जुनी हाय. दगडात शिरतीया." दाजी धावले, म्हणाले ओढा, आबा, ओढा. आबांनी ओढले नाही. बांधाच्या दगडांत तंगूस अडकला होता, आणि ते बोटावर तो ताण घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. मग त्यांनी भाच्याला चाकू मागितला. भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. आबांनी तंगूस शक्य तितका पाण्याजवळ कापला. "गळ बारीक हाय," ते म्हणाले, "गंजून पडंल."

दाजी घरी येईतो हळहळत होते. अशी वाम आता पैसे देऊन मिळत नाही, हे त्यांनी गाडीत तीनदा सांगितले. आबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मला वाटले, झोपले. भाच्याला राहवले नाही.

"आबा, ती वाम आता कुठं जाईल?"

"घरी."

"आपल्या?"

"गोठ्यात," आबा डोळे न उघडता म्हणाले. "घरात तुझी पणजी येऊ देती व्हय?"